दीन शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे? गणित, आकाश, औषध आणि भाषेशी त्याचे नाते

शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला दीन शिकवायचा की दुनिया? अब्बांना वाटते एक तरी मुलगा हाफिज व्हावा, अम्मीला वाटते त्याने सायन्स घ्यावे, आणि मामा सांगतात की दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. या वादात एक गोष्ट सगळेच गृहीत धरतात. दीनाचे शिक्षण आणि बाकीचे विषय ही दोन वेगळी कपाटे आहेत, एक उघडले की दुसरे बंद करावे लागते. दीनाचा अभ्यास म्हणजे काय हे नीट पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही.

'इल्म' म्हणजे ज्ञान आणि 'फिक्ह' म्हणजे समज. आज फिक्ह म्हटले की वुजू, नमाज, निकाह-तलाकचे मसले डोळ्यांसमोर येतात, पण शब्दाचा मूळ अर्थ नीट समजून घेणे एवढाच आहे. सूरह तौबाच्या १२२व्या आयतीचा आशय असा की सर्वांनी एकदम मोहिमेवर निघू नये. प्रत्येक समूहातील काही जणांनी दीनाची समज मिळवावी आणि आपल्या लोकांना जागे करावे. म्हणजे शिकणे लोकांसाठी आहे, आणि लोकांचे प्रश्न शेतीचे, व्यापाराचे, आजारपणाचे, वाटणीचे असतात.

आपल्याकडे मात्र "मुलाने कुरआन पूर्ण केले" याचा अर्थ बहुतेक वेळा नाझिरा झाला, म्हणजे बघून वाचता आले, एवढाच असतो. मिठाई वाटली जाते आणि मकतबचे दप्तर माळ्यावर जाते. नाझिरा ही पहिली पायरी. त्यापुढे हिफ्ज, मग अरबी व्याकरण, तफसीर, हदीस, फिक्ह शिकून आलिम होणे, आणि त्याहीपुढे फतवा देण्याचे खास शिक्षण घेऊन मुफ्ती होणे. हाफिज, आलिम आणि मुफ्ती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रवेश घेताना सुद्धा अनेक पालकांना माहीत नसते.

कोणाला किती शिकणे जरुरी?

उलेमांनी याची विभागणी फार पूर्वी करून ठेवली आहे. फर्ज-ए-ऐन म्हणजे जे प्रत्येकावर बंधनकारक आहे ते. फर्ज-ए-किफाया म्हणजे समाजातील काहींनी केले तर बाकीचे सुटतात. कोणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार. फर्ज-ए-ऐन सर्वांना सारखे नसते. ज्याच्याकडे माल नाही त्याला जकातीचे बारीक मसले शिकण्याची घाई नाही, पण दुकान टाकणाऱ्याला खरेदी-विक्री, उधारी आणि व्याजाचे नियम शिकावेच लागतात.

इमाम गजाली (रह.) यांचे निधन इ.स. ११११ मध्ये झाले. 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात त्यांनी वैद्यक आणि हिशोब यांना फर्ज-ए-किफायामध्ये धरले आहे. इतकेच नाही, त्यांची एक तक्रारही आहे. कित्येक गावांत एकही मुसलमान वैद्य नाही, तरी लोक फिक्हच्याच मागे धावतात, कारण त्यात काजी होण्याचा आणि मानमरातबाचा मार्ग आहे. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचताना आपल्याच मोहल्ल्याची मीटिंग चालू आहे असे वाटते.

वारसाचे गणित

दीन आणि गणित किती जवळ आहेत हे पाहायचे तर वारसाहक्काचा विषय घ्यावा. याला इल्म-ए-फराइज म्हणतात. सूरह निसाच्या ११, १२ आणि १७६ या आयतींत वारसांचे हिस्से अपूर्णांकांत आले आहेत : अर्धा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. अपूर्णांकांची बेरीज ज्याला येत नाही त्याला हा मसला सोडवता येणार नाही, मग तो कितीही परहेजगार असो.

साधे उदाहरण. एक माणूस वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा जाऊन २४ लाख रुपये उरले. बायकोचा आठवा हिस्सा, ३ लाख. उरलेले २१ लाख मुलांमध्ये, मुलाला दोन वाटे आणि प्रत्येक मुलीला एक. एकूण चार वाटे. मुलाला १० लाख ५० हजार, प्रत्येक मुलीला ५ लाख २५ हजार. सातवी-आठवीच्या मुलाला जमेल असे हे गणित.

आता अवघड. मागे बायको, दोन मुली, आई आणि वडील. बायकोला १/८, मुलींना मिळून २/३, आईला १/६, वडिलांना १/६. २४ चा छेद घेतला तर ३ + १६ + ४ + ४ म्हणजे २७. चोवीस वाट्यांचा माल आणि मागणारे सत्तावीस! अशा वेळी छेदच २७ करतात आणि प्रत्येकाचा हिस्सा त्याच प्रमाणात कमी होतो. याला 'औल' म्हणतात. बायकोचा आठवा हिस्सा मग ३/२७, म्हणजे नववा होतो. हजरत अली (रजि.) मिंबरवर असताना त्यांना हाच मसला विचारला गेला आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले, अशी रिवायत आहे. म्हणून या मसल्याचे नावच 'मिंबरिया' पडले.

बगदादचे अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात 'अल-जब्र'वर पुस्तक लिहिले, ज्याच्या नावावरून शाळेतला 'अल्जेब्रा' हा शब्द आला. त्या पुस्तकाचा मोठा भाग वसीयत आणि वारसाच्या वाटणीची उदाहरणे सोडवण्यातच गेला आहे. बीजगणित आणि फराइज तेव्हा एकाच पुस्तकात बसत होते.

पण वहीतले गणित सुटले म्हणून वाटणी होत नाही. पुढे सातबारा येतो, फेरफार येतो, तलाठ्याकडे वारस नोंद येते. आणि आपल्याकडे इथेच घात होतो. वडील गेल्यावर बहिणींना बोलावून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात. "माहेर तुटेल" या भीतीने त्या करतातही. आपला हिस्सा किती हे समजून, राजीखुशीने सोडणे वेगळे आणि रिवाज म्हणून अंगठा घेणे वेगळे. नमाजी भाऊ सुद्धा यात मागे नसतात. आणखी एक गोष्ट माहीत असावी : १९३७ च्या मुस्लिम पर्सनल लॉ (शरीअत) कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमिनीचा विषय वगळलेला आहे. त्यामुळे घर-दुकान आणि शेत यांचा विचार करताना मुफ्तीसाहेबांसोबत दिवाणी वकिलाचाही सल्ला घ्यावा लागतो. एका वाटणीत कुरआन, अंकगणित, महसूल आणि कायदा असे चार विषय एकत्र येतात.

सावली, किब्ला आणि चांद्रवर्ष

अस्रची वेळ सावलीवरून ठरते. शाफिई मसलकात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की अस्र सुरू होते. हनफींच्या प्रचलित मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. कोकणातील मुसलमान बहुतेक शाफिई आणि देशावरचे, मराठवाड्याचे, विदर्भाचे बहुतेक हनफी. त्यामुळे रत्नागिरीकडची सून पुण्यात आली की पहिल्या आठवड्यात अस्रच्या अजानवरून गोंधळते. यात चूक कोणाचीच नाही. एकाच सूर्याची दोन मोजमापे आहेत. रोजची सावली काढायची तर त्रिकोणमिती लागते आणि मशिदीत टांगलेला वेळापत्रकाचा तक्ता त्यातूनच तयार होतो.

किब्ल्याचेही तसेच. आपण सहज म्हणतो, "पश्चिमेला तोंड करा." मुंबईहून काबा नेमक्या पश्चिमेपासून साधारण १० अंश उत्तरेकडे आहे. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या थोडे वर. मग नागपूरहून किब्ला सरळ पश्चिमेला हवा ना? नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वात जवळची दिशा तिथूनही सुमारे ८ अंश उत्तरेकडे झुकते. (कोणी यावरून जुन्या मशिदीची सफ मोडायला निघू नये. थोड्या फरकाने नमाज बिघडत नाही, असे फुकहांनी सांगितले आहे.) दमास्कसच्या उमय्या मशिदीत वेळा काढण्यासाठी खास माणूस नेमलेला असे, त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकातले तिथले मुवक्कित इब्न अल-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. चंद्राच्या गतीची त्यांनी जी रचना मांडली तीच पुढे कोपर्निकसच्या ग्रंथात दिसते.

जकातीत एक चूक अनेकांकडून नकळत होते. व्यापारी मंडळी मार्च अखेरचा ताळेबंद धरून अडीच टक्के काढतात. पण जकातीचे वर्ष चांद्र आहे, साधारण ३५४ दिवसांचे. इंग्रजी वर्ष अकरा दिवसांनी मोठे. तेहतीस चांद्रवर्षे म्हणजे बत्तीस इंग्रजी वर्षे, म्हणजे हयातीत एका वर्षाची जकात राहून जाते. ज्यांना मार्चच सोयीचा आहे त्यांनी दर २.५ ऐवजी सुमारे २.५८ टक्के धरावा, असा हिशोब निघतो. लाखामागे अडीच हजारांऐवजी २,५७७ रुपये.

डॉक्टरला विचारून

रमजानच्या आधी मधुमेहाचे पेशंट मौलानांना विचारतात, रोजा ठेवू का? मौलाना म्हणतात, डॉक्टरांना विचारा. काहींना ही टाळाटाळ वाटते. उलट हाच फिक्हचा नियम आहे. आजार वाढण्याची भीती असेल तर रोजा सोडण्याची सवलत आहे, आणि ती भीती खरी आहे की नाही हे जाणकार, विश्वासू वैद्य सांगणार. म्हणजे मसला मुफ्तीसाहेबांचा, पण त्यातली अर्धी माहिती दवाखान्यातून येते.

कोणत्या भाषेत?

दीनाचा अभ्यास अरबीशिवाय खोलवर जात नाही, हे खरे. उर्दूत आपल्याकडे प्रचंड साहित्य आहे, हेही खरे. पण सातारा-सांगली-लातूरच्या मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला उर्दू वाचता येत नसेल तर तिने थांबायचे का? अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (रह.) यांनी कुरआनचा फारसी अनुवाद केला, कारण तेव्हा शिकलेल्या लोकांची भाषा फारसी होती. पुढे त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, उर्दूत अनुवाद केले, कारण लोकांची भाषा बदलली होती. त्याच न्यायाने मराठीतून तफसीर वाचणे ही कमीपणाची गोष्ट नाही. अरबी मात्र सोबत शिकत राहावी, निदान नमाजमध्ये आपण काय म्हणतो ते कळण्याइतकी.

दोन कपाटे कधी झाली?

आपल्या मदरशांत आजही चालणारा दर्स-ए-निजामी हा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन (निधन १७४८) यांच्या नावाने ओळखला जातो. मूळ अभ्यासक्रमात तर्कशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके भरपूर होती, युक्लिडची भूमितीही होती. हदीसचे त्यामानाने थोडे होते. त्यातून काजी, मुन्शी, दरबारातील अंमलदार तयार होत. १८३७ नंतर कंपनी सरकारच्या कारभारातून फारसी गेली आणि या शिक्षणाची नोकरीशी असलेली गाठ सुटली. १८५७ नंतर दीन वाचवण्यासाठी १८६६ मध्ये देवबंद उभे राहिले आणि नव्या काळाशी जुळवून घेण्यासाठी १८७५ मध्ये अलीगढ. मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम १८७४ ची. दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्या परिस्थितीत जे शक्य होते ते केले. पण अडचणीच्या काळातली ती सोय पुढे आपण दीनाचाच नियम समजू लागलो. नदवतुल उलमाची चळवळ १८९० च्या दशकात हीच दरी बुजवण्यासाठी निघाली होती. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी उभ्या केलेल्या जामियामध्ये हिफ्जचे वर्ग आहेत आणि इंजिनिअरिंग, फार्मसीही आहे.

दुसऱ्यांचा धर्म अभ्यासणे

दीनाच्या अभ्यासात इतर धर्म जाणून घेणेही येते. अल-बिरुनी यांनी संस्कृत शिकून, पंडितांसोबत बसून इ.स. १०३० च्या सुमारास 'किताबुल हिंद' लिहिली. समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडायचे, ही त्यांची शिस्त होती. विद्यापीठांतील धर्माभ्यासही असाच चालतो. तिथे धर्म बाहेरून, इतिहास आणि समाजशास्त्राच्या नजरेने पाहिला जातो. मदरशात तो आतून, अमल करण्यासाठी शिकला जातो. मुलाला यातले कोणते हवे आहे हे आधी ठरवावे, नाहीतर तीन वर्षांनी "इथे तर वेगळेच शिकवतात" असे म्हणायची पाळी येते.

दहावी-बारावीनंतर या वाटेने जाणाऱ्यांसाठी अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, दिल्लीचे जामिया मिल्लिया इस्लामिया आणि हैदराबादचे मौलाना आझाद नॅशनल उर्दू विद्यापीठ येथे इस्लामी अभ्यासाचे विभाग आहेत. कॉलेजात शिकवण्यासाठी लागणाऱ्या नेट परीक्षेतही अरब संस्कृती आणि इस्लामी अभ्यास हा विषय आहे. काही मदरशांच्या आलिमियत-फजीलतच्या सनदेवर ही विद्यापीठे ठरावीक अभ्यासक्रमांना प्रवेश देतात, पण प्रत्येक मदरशाच्या सनदेवर नाही. त्यामुळे मदरशात नाव घालतानाच तिथल्या सनदेला कोणते विद्यापीठ मानते ते विचारून घ्यावे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा दहावीचा फॉर्म सोबतच भरावा. मुलगी असेल तरीही.