थॉमस स्टीफन्सचें पुराण आणि परधर्मज्ञानाचीं साधनें

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं कधीं कधीं असें एखादें बाड येतें, कीं त्याला आपलें म्हणण्यास कोणीच पुढें येत नाहीं. विषय एका धर्माचा, भाषा दुसऱ्या समाजाची, आणि सांपडलें तें तिसऱ्याच्याच घरीं, असा प्रकार असतो. यादी करणारा त्यावर ‘संकीर्ण’ असा शेरा मारतो व रुमाल बांधून ठेवतो. परंतु एका धर्माच्या लोकांनीं दुसऱ्याचा धर्म कसा समजून घेतला, अगर घेतला नाहीं, याचा पुरावा बहुधा अशाच बाडांत असतो. याचें मराठींतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स याचें ‘क्रिस्तपुराण’ होय. त्याच्या काव्यगुणांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्यानें केलेली मराठी भाषेची स्तुति तर अनेकांस मुखोद्गत असते. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें निराळें: हा ग्रंथ कोणत्या ज्ञानावर उभा राहिला आणि तो कोणीं राखला.

स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ त मरेपर्यंत बहुतेक काळ साष्टी प्रांतांत राहिला. तो आला त्याच सुमारास रुडॉल्फ अक्वाविवा नांवाचा दुसरा जेझुइट गोव्याहून अकबराकडे निघाला. १५८० पासून १५८३ पर्यंत तो बादशहाच्या दरबारीं होता, व फत्तेपूर-सिक्रीस मुसलमान उलेमांशीं त्याचे वाद झाले. सर्व धर्मांच्या पंडितांस एकत्र बसविण्याचा अकबराचा तो उपक्रम प्रसिद्धच आहे. परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, जुलै १५८३ मध्यें, साष्टींतील कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं अक्वाविवास व त्याच्या चार जेझुइट सोबत्यांस ठार मारिलें. साष्टींतील देवळें त्यापूर्वींच पाडलीं गेलीं होतीं. तो राग या लोकांच्या मनांत होता. पुढें पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस असोळणें येथें बोलावून मारिलें. सिक्रीच्या सभेंत जो वाद शब्दांनीं चालला, तो कुंकळ्ळीच्या शेतांत शस्त्रांनीं संपला. दरबारांतील वादाला बादशहाचा आश्रय होता. गांवांत मात्र एका पक्षाच्या हातीं सत्ता होती व दुसऱ्याच्या देवळाचे नुसते दगड उरले होते. ज्ञानाची देवघेव ही बरोबरीच्या नात्यावर अवलंबून असते, हें यावरून ध्यानांत येईल.

पोथ्यांची स्थितीही देवळांसारखीच झाली. हिंदूंच्या घरांतून पोथ्या काढून आणल्याचे, आणि बाटलेल्या ब्राह्मणाकडून त्यांचें पोर्तुगीज भाषांतर करविल्याचे उल्लेख जेझुइटांच्या १५५८-५९ च्या पत्रांतच मिळतात. हें भाषांतर जिज्ञासेपोटीं झालें नाहीं. ब्राह्मणांस त्यांच्याच ग्रंथांतील वचनें दाखवून निरुत्तर करावें, हा त्याचा हेतु होता. तथापि हेतु कांहीं असो, पोथी वाचली म्हणजे ती वाचणाऱ्यालाही कांहीं शिकवितेच. पोर्तुगालांतील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत रामायण-महाभारतांतील कथांचीं रोमन लिपींत उतरविलेलीं कोंकणी हस्तलिखितें आज आहेत. तीं या उद्योगाचीच फळें होत. ज्या कथांचें वाचन गोव्यांत बंद पाडलें, त्यांची सोळाव्या शतकांतील कोंकणी वाणी बंद पाडणाऱ्यांच्याच देशांत राहिली, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

क्रिस्तपुराणाचा उगम याच परिस्थितींत झाला, व ग्रंथकारानें तो लपविलेला नाहीं. पहिल्याच अवस्वरांत त्यानें एक प्रसंग घातला आहे. साष्टींत देवळांत मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण पाद्र्यास म्हणतो कीं, पूर्वींचीं पुराणें तुम्हीं आम्हांस वर्ज्य केलीं, मग तशा प्रकारचें दुसरें पुराण आम्हांसाठीं कां करीत नाहीं? हा प्रसंग घडलेला असो वा योजिलेला असो, त्यांतील प्रश्न खरा आहे. ज्याचें पुराण काढून घेतलें, त्याला पुराण ऐकण्याची संवय राहतेच. नव्या धर्माचे विधि त्याला शिकवितां येतात. पण संध्याकाळीं चार माणसांत बसून काय ऐकावें, याचें उत्तर त्या विधींत नसतें.

हें उत्तर स्टीफन्सनें मराठी ओवींत दिलें. रोजच्या व्यवहाराची भाषा जी कोंकणी, तिचें व्याकरण त्यानें लिहिलें; तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० त रायतूर येथें छापलें गेलें. त्याचें कोंकणी प्रश्नोत्तरांचें पुस्तकही तेथेंच १६२२ त निघालें. परंतु गोव्यांत पुराण म्हणून जें ऐकलें जाई तें मराठी असे. म्हणून पुराणासाठीं त्यानें मराठीच घेतली. पहिल्या भागांत ३६ अवस्वर असून जुन्या करारांतील कथा आहेत. दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून ख्रिस्तचरित्र आहे. एकंदर ओव्या सुमारें अकरा हजार भरतात. ख्रिस्ती स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो. पाप, पुण्य, मुक्ति हे शब्दही तो जसेच्या तसे घेतो. जेथें अर्थ ढळेल असें भय वाटलें, तेथें पोर्तुगीज शब्द ठेवितो. कोणता शब्द शेजाऱ्याकडून घ्यावा व कोणता घेऊं नये, हा निर्णय शेजाऱ्याचा धर्म कळल्यावांचून करितां येत नाहीं. ज्याचें खंडन करावयाचें, त्याच्याच घरचें भाषाधन घेऊन हा ग्रंथ उभा आहे. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता, यांत शंका नाहीं व तो झांकण्याचें कारणही नाहीं. परंतु चाळीस वर्षें एका भाषेंत राहिल्यावांचून असा ग्रंथ होत नसतो, हेंही तितकेंच खरें आहे.

आतां या ग्रंथाच्या राखणीकडे वळूं. तो प्रथम १६१६ त, रोमन लिपींत, रायतूर येथें छापला गेला. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापला गेला. या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकही प्रत उपलब्ध नाहीं. जून १६८४ मध्यें पोर्तुगीज विसरेईनें देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. म्हणजे प्रथम हिंदूंच्या पुराणांवर जी कुऱ्हाड पडली, तीच पुढें ख्रिस्त्यांच्या मराठी पुराणाच्याही मुळाशीं आली. ग्रंथ तरला तो हातानें उतरलेल्या प्रतींमुळें. गोव्याहून कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या जपल्या. १७८४ त टिपूनें या लोकांस श्रीरंगपट्टणास नेलें. तेथील बंदिवासांतही त्यांनीं हें पुराण वाचलें, अशी परंपरा आहे. याच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापून काढला.

दुसरी राखण लंडनांत झाली. सुमात्राचा इतिहास लिहिणारा विल्यम मार्सडेन यानें जमविलेला संग्रह प्रथम तेथील किंग्ज कॉलेजास व मागाहून पौर्वात्य विद्यालयास मिळाला. त्यांत ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ या नांवांखालीं, देवनागरी लिपींत, हाच ग्रंथ पडून होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जस्टिन अॅबट यांनीं तो ओळखिला. त्यांत रोमन प्रतींतील अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, हा वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. पण ज्यानें तो ओळखिला तो प्रॉटेस्टंट मिशनरी होता व आपल्या संतकवींचीं चरित्रें इंग्रजींत आणण्यांत त्यानें उतारवय घालविलें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ओवी वाचण्याची संवय नसती, तर ‘आदिपुराण’ हें नांव पाहून त्यानें पुढचें पान उलटलें असतें.

हा प्रकार एकटा नाहीं. शान्तरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ हा बौद्ध ग्रंथ मूळ संस्कृतांत पाटण व जैसलमेर येथील जैन भांडारांत मिळाला व बडोद्याच्या ग्रंथमालेंत १९२६ त छापला गेला. जयराशीचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ तर सर्वच प्रमाणें उडवून लावणारा. त्याचीही ताडपत्रावरील प्रत पाटणच्या जैनांनींच राखली होती, व ती १९४० त त्याच मालेंत प्रसिद्ध झाली. जैन आचार्यांस हीं मतें मान्य नव्हतीं. पण जें खोडावयाचें तें आधीं जाणलें पाहिजे, आणि जाणावयाचें तर जवळ ठेविलें पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती. गोव्यांत पोथी हिसकून घेतली गेली. पाटणास ती उतरून ठेविली गेली. मतभेद दोन्हीं ठिकाणीं होताच. फरक पडला तो पोथीशीं वागण्याच्या रीतींत.

निरनिराळ्या धर्मांविषयीं परस्परांत जाण वाढावी, असें आज सर्वत्र बोललें जातें. त्या कामीं संग्राहकाचा वांटा लहान असला तरी त्यावांचून चालण्यासारखें नाहीं. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे, कीं आपल्या रुमालांतील ‘संकीर्ण’ बाडें पुन्हां एकदां सोडून पाहावीं. परमताची पोथी हातीं आली तर ती कोणाच्या घरीं मिळाली, कोणीं उतरली, समासांत कोणत्या हातानें काय लिहिलें, हें सर्व, स्वमताच्या पोथीसाठीं टिपतों तितक्याच काळजीनें, टिपून ठेवावें. स्टीफन्सच्या पुराणाच्या तीन आवृत्त्या छापखान्यांतून निघून नष्ट झाल्या. उरल्या त्या कोणा ना कोणा माणसानें दिव्यापाशीं बसून उतरलेल्या प्रती.