फुग्याला भोक नव्हतं

आजचा विषय पाहून एका जुन्या विद्यार्थ्याने दारातच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून फुगे विकायला लागलात काय?" त्याचं चुकलं नाही. पण हा विषय आमच्याकडे घरातूनच आला, आणि आला तो आमची चूक दाखवत आला. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नातीचा वाढदिवस होता. फुगे दोन प्रकारचे होते, काही पंपाने हवा भरलेले आणि काही गॅसचे, छताला जाऊन टेकणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर हवेचे फुगे भिंतीवर बऱ्यापैकी टुमटुमीत, आणि गॅसचे सगळे जमिनीवर. नातीने विचारलं, "आजोबा, हे खाली का आले?" आम्ही वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "बारीक भोक पडलं असेल गं." ती म्हणाली, "सगळ्यांना? दाखवा." मग पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा आम्ही एक फुगा बादलीत बुडवला, सगळ्या बाजूंनी फिरवला, गाठही बुडवून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही. नात म्हणाली, "म्हणजे भोक नाहीये."

आम्ही जन्मभर वर्गात उभे राहून प्रमाणाशिवाय बोलू नका असं सांगत आलो. आणि इथे आम्हीच, विचारणारी लहान आहे म्हणून, तोंडाला आलेलं उत्तर देऊन मोकळे झालो होतो. ते उत्तर सुचलं कुठून, याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं की ही माणसाची फार जुनी सवय आहे. बंद वस्तूतून काही आत-बाहेर गेलं की आपण छिद्र गृहीत धरतो.

आपल्याच दर्शनांमधला एक वाद आठवून बघा. कुंभार कच्चा घडा भट्टीत घालतो. काळसर घडा लाल होऊन बाहेर येतो, आणि नुसता वरून नाही, आतूनही लाल होतो. मग अग्नी आत शिरला कसा? वैशेषिक म्हणतात, घडा घडा म्हणून शिल्लकच राहत नाही, त्याचे परमाणू सुटे होतात, पाक त्या परमाणूंवर होतो आणि मग घडा पुन्हा जुळून येतो. हा पीलुपाक, पीलु म्हणजे परमाणू. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, घडा आहे तसाच राहतो, तो सच्छिद्र आहे आणि तेज त्या छिद्रांतून आत जातं. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडं. नैयायिकांची बाजू आपल्याला लगेच पटते, कारण उन्हाळ्यात माठ पाझरताना आपण रोज पाहतो. माठाच्या बाबतीत ते खरंही आहे. प्रश्न असा की, जे माठाला लागू ते रबराला लागू होतं का? या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला युरोप-अमेरिकेत ऐंशीहून अधिक वर्षं लागली.

चला, १७८३ सालच्या पॅरिसला जाऊ. २७ ऑगस्टला झाक शार्ल या भौतिकशास्त्रज्ञाने शाँ द मार्सच्या मैदानातून हायड्रोजन भरलेला पहिला मोठा फुगा सोडला. लोखंडावर गंधकाम्ल ओतून हा वायू तयार करायचा, हे तेव्हा ठाऊक होतं. अडचण होती ती पिशवीची. नुसत्या रेशमातून हायड्रोजन भसाभसा निघून जातो. मग रोबेर बंधूंनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून त्याचा लेप रेशमाला दिला. फुगा उडाला आणि पाऊण तासाने गोनेस नावाच्या खेड्यात उतरला. तिथल्या शेतकऱ्यांना वाटलं, आकाशातून काहीतरी राक्षसच आला. त्यांनी हाताला लागेल ते अवजार घेऊन त्याच्या चिंध्या केल्या. तर, फुग्यातला वायू टिकवायचा कसा, हा प्रश्न फुग्याइतकाच जुना आहे, आणि त्याचं पहिलं उत्तर होतं, भोकं बुजवा.

आपल्या ओळखीचा, नुसत्या रबराचा फुगा मात्र आला १८२४ साली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. तो केला मायकेल फॅरडेने, आणि खेळण्यासाठी नव्हे, वायूंवरच्या प्रयोगांसाठी. त्याने कच्च्या रबराचे दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवले, आतल्या बाजू चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ लावलं आणि कडा दाबल्या. कच्चं रबर स्वतःलाच चिकटतं, त्यामुळे पिशवी तयार झाली. हायड्रोजन भरल्यावर ती ताणून पारदर्शक झाली आणि चांगली वर जाऊ लागली. पुढच्याच वर्षी टॉमस हॅनकॉकने लोकांना घरी फुगे करता यावेत म्हणून रबराच्या द्रावाची बाटली आणि एक पिचकारी असा संच विकायला काढला. १८४७ मध्ये लंडनच्याच जे. जी. इन्ग्रॅमने गंधकप्रक्रिया केलेल्या रबराचे फुगे केले. ते उन्हाने चिकट होत नसत आणि थंडीने कडक होत नसत. मुलांच्या हातातला फुगा तो हाच.

आता फॅरडेच्या पिशवीत शिवण नाही, विणकाम नाही, लेप नाही. सलग रबर. तरीही असे फुगे रिकामे होतच राहिले.

हे कुणी नीट पाहिलं? फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरने, जॉन किअर्स्ली मिचेलने. १८३०च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की हायड्रोजनचे रबरी फुगे छतावरून आपोआप खाली येतात. आपण सगळे हे पाहतो आणि फुगा टाकून देतो. तो थांबला. त्याने वेगवेगळे वायू घेऊन, रबराच्या पडद्यातून कोणाला किती वेळ लागतो ते मोजलं. निकाल चमत्कारिक होता. सगळ्यांत हलका हायड्रोजन, तोच सगळ्यांत आधी पळायला हवा. पण जड कार्बन डायऑक्साइड त्याच्या कितीतरी आधी पार होत होता.

यातली गंमत कळण्यासाठी तिसऱ्या माणसाची गाठ घ्यायला हवी. टॉमस ग्रॅहॅम, १८०५ साली ग्लासगोत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. वायू बारीक छिद्रांतून किती वेगाने जातात याचा नियम त्याने १८३३ मध्ये मांडला. वायू जितका जड, तितका त्याचा वेग कमी, आणि तोही वर्गमुळाच्या हिशेबाने. कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनच्या बावीस पट जड, म्हणून हायड्रोजन त्याच्या पावणेपाच पट वेगाने जायला हवा. ग्रॅहॅमने हे तपासलं ते प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बुचातून. आपले गणपतीचे मूर्तिकार वापरतात तेच प्लास्टर. ते माठासारखंच सच्छिद्र, त्यामुळे नियम तिथे चोख लागू पडला.

पुढे १८६६ मध्ये, साठी उलटल्यावर, याच ग्रॅहॅमने रबराचा पडदा घेऊन मोजमाप केलं. नायट्रोजनचा वेग १ धरला तर ऑक्सिजनचा अडीचच्या आसपास, हायड्रोजनचा साडेपाच आणि कार्बन डायऑक्साइडचा साडेतेरा. म्हणजे त्याच्याच नियमाच्या बरोबर उलट. हायड्रोजन पावणेपाच पट पुढे असायला हवा होता, तो अडीच पट मागे पडला.

अशा वेळी माणूस काय करतो, ते आम्ही विद्यापीठात पुष्कळ पाहिलं आहे. स्वतःचंही पाहिलं आहे. नाव झालेलं असतं, नियम पुस्तकात गेलेला असतो. मग रबरात दोष आहे, मापन चुकलं, काहीतरी अपवाद आहे असं म्हणून पुढे जायचं. ग्रॅहॅमने तसं केलं नाही. तो म्हणाला, माझा नियम छिद्रांसाठी आहे. रबरात तो लागू होत नाही, याचा अर्थ रबरात छिद्रंच नाहीत.

मग वायू जातो कसा? त्याचं उत्तर असं: वायू आधी रबरात विरघळतो. पाण्यात साखर विरघळावी तसा तो रबराच्या पदार्थातच मुरतो, आतून सरकत पलीकडच्या पृष्ठभागाशी येतो आणि तिथून पुन्हा वायू होऊन उडून जातो. मग वेग ठरतो दोन गोष्टींवर, तो किती विरघळतो आणि विरघळल्यावर किती सहज सरकतो. कार्बन डायऑक्साइड सरकतो सावकाश, पण रबरात विरघळतो भरपूर. म्हणून तो जिंकतो. दीडशेहून अधिक वर्षं झाली, हे स्पष्टीकरण आजही उभं आहे.

त्याने आणखी एक प्रयोग केला. साधी हवा रबराच्या पडद्यातून ओढून घेतली. पलीकडे जी हवा आली तिच्यात ऑक्सिजन २१ टक्क्यांऐवजी ४१.६ टक्के होता. विझत आलेली काडी त्या हवेत पुन्हा पेटली. म्हणजे पडदा नुसता गळत नव्हता, निवड करत होता. पडद्याने पदार्थ वेगळे करण्याच्या एका रीतीला याच माणसाने १८६१ मध्ये डायलिसिस हे नाव दिलं होतं. तो शब्द आज किती घरांना ठाऊक आहे, ते सांगायला नको.

तेव्हा नैयायिक आणि वैशेषिक यांच्यामध्ये हा तिसरा पक्ष बसतो. वस्तू मोडत नाही, तिला छिद्रही नसतं, तरी दुसरी वस्तू तिच्यात मुरून पार जाते.

आता आपल्या वाढदिवसाकडे येऊ. गॅसचा फुगा म्हणजे चांगल्या दुकानात हेलियमचा. हेलियमचं नाव निघालं की कुणीतरी विजयदुर्ग म्हणतंच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी, म्हणजे भारतात टिपलेल्या त्या पिवळ्या रेषेशी, हेलियमचा संबंध आहे हे खरं. पण नॉर्मन लॉकयर त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हता, इंग्लंडमध्ये होता. त्याने ती रेषा पाहिली ऑक्टोबरात, तिथूनच, ग्रहणाशिवाय. विजयदुर्गाला तो आला १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली. हेसुद्धा आमच्या भोकासारखंच, सोयीचं उत्तर.

हेलियमचा अणू फार लहान, तो रबरातून झपाट्याने सरकतो. शिवाय बाहेरच्या हवेत हेलियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे बाहेरून आत येणारं हेलियम जवळजवळ नाही, सगळं जाणारंच. नेहमीच्या आकाराचा फुगा अर्धा-पाऊण दिवस तरंगतो. हवेच्या फुग्याचं तसं नाही. आतही नायट्रोजन, बाहेरही नायट्रोजन. आतला दाब थोडासाच जास्त, म्हणून गळती सावकाश. तोंडाने फुगवलेल्या फुग्यात मात्र श्वासातला चारेक टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो सगळ्यांत आधी जातो. श्वास गरम आणि दमटही असतो, तो गार झाल्यावर आक्रसतो. म्हणून पंपाने भरलेला फुगा जरा जास्त टिकतो.

एवढं कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात. गॅसचे फुगे आदल्या रात्री भरू नका, कार्यक्रमाच्या दिवशीच भरा. शक्य तर मोठा फुगा घ्या. व्यास दुप्पट झाला की आतला वायू आठपट होतो आणि पृष्ठभाग चौपटच. पण फुटेस्तोवर ताणू नका, ताणलं की रबर पातळ होतं आणि वाट जवळची होते. उन्हात ठेवू नका. ऊन आणि हवा मिळून रबर खराब करतात, फुग्यावर धुरकट साय येते ती त्याचीच. गाठ घट्ट मारा, कारण खरी गळती असली तर बहुधा तिथेच असते. जास्त दिवस हवा असेल तर चकाकणारा फॉइलचा फुगा घ्या. धातूच्या थरात वायू जवळजवळ विरघळतच नाही. तो एसीच्या हॉलमध्ये मऊ पडला तर घाबरू नका. गार झालं की वायू आक्रसतो, उबेत आला की पुन्हा फुगतो. तापमानाचा हा नियम त्याच झाक शार्लच्या नावाने ओळखला जातो. रबरी फुग्याला आतून चिकट द्रावाचा लेप देण्याचीही सोय आता आहे. म्हणजे रोबेर बंधूंचा लेपच, फक्त भोकं बुजवण्यासाठी नव्हे, तर वायू विरघळणार नाही असा थर मध्ये घालण्यासाठी.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जत्रेत, रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त गॅसच्या फुग्यात पुष्कळदा हायड्रोजन असतो, तो पेटतो. असे फुगे बंद खोलीत, मोटारीत किंवा केकवरच्या मेणबत्तीजवळ आणू नका. पिशवीतून तो बाहेर येतच असतो, हे आता आपल्याला माहीत आहे.

राहिली नात. आम्ही तिला दोन दिवसांनी सांगितलं, "तुझं बरोबर होतं, भोक नव्हतं. गॅस रबरात विरघळून बाहेर गेला." ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तुम्ही आधी का तसं सांगितलंत?" त्याचं उत्तर ग्रॅहॅमकडे नाही. आम्ही म्हणालो, "न बघता बोललो." ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली.

तुमचे प्रश्न असतील तर विचारा. ज्याचं उत्तर माहीत नसेल, त्याला आज तरी भोक आहे असं म्हणणार नाही.