नगरच्या मैदानाचा इतिहास: छावणी, मिशन आणि महाविद्यालयीन फुटबॉल

महाविद्यालयीन फुटबॉलचा एक हंगाम हा इतिहासलेखनाचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न साहित्याच्या वर्गात विचारला तर बहुधा हसेच होईल. आम्हाला मात्र नगरसारख्या गावापुरता तरी तो योग्य विषय वाटतो. पावसाळा ओसरू लागला की जिल्ह्यातील महाविद्यालये आपापले अकरा खेळाडू जमवू लागतात, मैदानावर फक्कीच्या रेषा ओढल्या जातात आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची पत्रिका जिमखान्याच्या फलकावर लागते. यंदाही ते होईल. या नेहमीच्या गोष्टीमागे या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि तो मराठीत जवळजवळ कोठेच लिहिलेला नाही, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढे पेशवाई बुडाल्यावर गावाच्या अंगाला, भिंगारच्या बाजूस, इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्याबरोबर पलटणींचे खेळ आले. फुटबॉलचे नियम लंडनमध्ये १८६३ साली बांधले गेले. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांतच हिंदुस्थानात सिमल्याची ड्युरँड (१८८८) आणि मुंबईची रोव्हर्स (१८९१) या स्पर्धा सुरू झाल्या. दोन्हींच्या मुळाशी गोऱ्या पलटणीच होत्या. रोव्हर्स चषक १९३७ साली बंगळूर मुस्लिम्सने जिंकला, तोवर कोणाही हिंदी संघाच्या हाती तो लागला नव्हता. मुंबई प्रांतातील छावणीच्या गावांना हा खेळ प्रथम दिसला तो असा, दोरीपलीकडून. क्रिकेटला पांढरे कपडे, फळी आणि दिवसभराची सवड लागे. फुटबॉलला एक चेंडू पुरे. बूट असलेच पाहिजेत असेही नव्हते; २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवणारे मोहन बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. दोरीपलीकडचा खेळ दोरीच्या अलीकडे यायला फार काही आड येणारे नव्हते.

नगरचा विशेष असा की छावणीबरोबरच येथे दुसरेही एक इंग्रजी बोलणारे जग नांदत होते आणि ते इंग्रजांचे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे ठाणे घातले. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली येथूनच निघाला, सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या त्या येथेच, ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग याच गावात गेला. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे सारे पाठ असते. या मिशनरी मंडळींचे मूळ अमेरिकेच्या ईशान्येकडील लहान लहान महाविद्यालयांत होते, ही गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या पहिल्या दोघांपैकी गॉर्डन हॉल हे विल्यम्स महाविद्यालयाचे पदवीधर होते. त्याच विल्यम्सचा ॲमहर्स्टशी फुटबॉलचा सामना १८८० च्या दशकापासून चालत आला आहे, आणि त्या दोन लहान महाविद्यालयांच्या जगात तो मोठा उत्सव मानला जातो. अर्थात तो फुटबॉल वेगळा. लांबट चेंडू हातात धरून धावण्याचा तो खेळ, त्याला पायाचे नाव का मिळाले हे अमेरिकनच जाणोत.

मिशनऱ्यांनी तो फुटबॉल हिंदुस्थानात रुजवला नाही. अमेरिकेकडून आपल्याकडे आले ते दोन वेगळेच खेळ, बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलीबॉल (१८९५). दोन्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वाय.एम.सी.ए.च्या वर्तुळात जन्मले. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली आणि तेथे तयार झालेल्या शिक्षकांनी ते देशभर नेले. म्हणजे महाविद्यालयाच्या एकाच मैदानावर गोलाचे खांब आणि व्हॉलीबॉलची जाळी शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा खांबांचा वंश इंग्रजी छावणीकडे जातो आणि जाळीचा अमेरिकन मिशनकडे. असे मैदान देशात अनेक ठिकाणी असेल. पण हे दोन्ही वंश मैल-दोन मैलांच्या आत नांदलेली गावे फार नाहीत.

अहमदनगर महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले. स्थापना डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी केली, आणि हेतू या दुष्काळी जिल्ह्यातील गरीब ग्रामीण मुलांना उच्च शिक्षण देण्याचा होता. गोरी फौज देश सोडून निघाली त्याच वर्षी छावणीच्या गावात एक महाविद्यालय उभे राहिले, हा योगायोग असला तरी मैदानाच्या इतिहासात त्याला अर्थ आहे. छावणी रिकामी झाली नाहीच; चिलखती दलाचे केंद्र आणि पुढे १९७९ मध्ये यांत्रिक पायदळाचे केंद्र येथे आले. लष्करी वसाहतीतील मुले शिकायला महाविद्यालयात येऊ लागली. त्यांच्या शेजारी मिशन कंपाऊंडमधली मुले, शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतली मुसलमान मुले आणि वसतिगृहात राहणारी, ज्यांनी गावी कुस्ती आणि कबड्डीपलीकडे काही पाहिले नव्हते अशी शेतकऱ्यांची मुले. नगरच्या समाजजीवनात हे चार गट एका ठिकाणी, एका कामासाठी, एकमेकांवर अवलंबून असे कितीदा उभे राहतात? फुटबॉलच्या संघात राहावेच लागते. वर्गात शेजारी बसण्याने जे होत नाही ते पासची वाट पाहण्याने होते, असे म्हणणे थोडे भाबडे वाटेल. पण ते अगदीच खोटे नाही.

येथे कोल्हापूरची आठवण येणे अपरिहार्य आहे. महाराष्ट्रात फुटबॉल म्हटले की कोल्हापूर, आणि ते योग्यच आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावेच पाहा. लाल मातीतल्या तालमींनी परका खेळ दत्तक घेतला, त्याला पेठेचे नाव आणि पेठेची ईर्ष्या दिली, संस्थानी आश्रयाने तो जोपासला गेला. तेथे प्रेक्षक संघाचा असतो, पिढ्यान्‌पिढ्या असतो. त्या मुळांवर आजही फळे येतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. नगरच्या खेळाला असा पेठेचा आधार लाभला नाही. येथे तो शाळा-महाविद्यालयांच्या आणि छावणीच्या आश्रयाने राहिला, म्हणजे दर तीन वर्षांनी पुसल्या जाणाऱ्या पाटीवर राहिला. खेळाडू पदवी घेऊन जातो आणि त्याच्याबरोबर संघाची आठवणही जाते. जिल्ह्याला खेळातला अभिमान हवा असतो तेव्हा तो श्रीरामपूरच्या झहीर खानकडे आणि संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेकडे बोट दाखवतो. त्यात वावगे काही नाही. पण दोघेही क्रिकेटचे, आणि दोघांनाही मोठे होण्यासाठी जिल्ह्याबाहेर पडावे लागले.

आठवण न राहण्याचे आणखी एक कारण भाषेत आहे, आणि ते या लेखाच्या वाचकांच्या अधिक जवळचे आहे. मराठीने क्रिकेटसाठी केवढी शब्दसंपत्ती घडवली! फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, षटक, पायचीत, झेलबाद, धावचीत, त्रिफळाचीत. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने हे शब्द घरोघरी नेले. ‘त्रिफळाचीत’मध्ये तर कुस्तीचा चीत सहज येऊन बसला आहे, परक्या खेळाचे इतके घरगुती भाषांतर दुर्मीळच. फुटबॉलच्या वाट्याला काय आले? वर्तमानपत्रांनी गोलरक्षक, बचावपटू, मध्यरक्षक, आघाडीवीर हे शब्द चालवले. पूर्वार्ध, उत्तरार्ध आणि मध्यंतर हे शब्द तर आपण ग्रंथांकडून आणि नाटकांकडून उसने घेतले. नीट पाहिले तर ध्यानात येते की मराठीने फुटबॉलमधल्या काळाला आणि जागांना नावे दिली, हालचालींना दिली नाहीत. ड्रिबल, हेडर, ऑफसाईड, टॅकल यांना रुळलेला मराठी शब्द नाही. पादकंदुक हा खेळाच्या नावासाठी घडवलेला शब्दही कोशापलीकडे गेला नाही. ज्या खेळातली हालचाल भाषेला पकडता येत नाही, तो खेळ कथा-कादंबरीत येणार कसा? बंगालीत तो आला, कारण १९११ चा विजय तेथे राष्ट्रीय भावनेशी जोडला गेला होता. आपल्याकडे ती जागा आखाड्याने आणि पुढे क्रिकेटने आधीच अडवलेली होती.

मैदानावर मात्र भाषेचे अडत नाही. ‘गोली’, ‘बॅक’, ‘हाफ’, ‘हँड’, ‘कॉर्नर’ हे शब्द मराठी विभक्तिप्रत्यय घेऊन सुखाने वावरतात. त्यांच्याबरोबर निजामशाहीच्या या गावात चारशे-पाचशे वर्षे मुरलेली दखनी असते, छावणीची हिंदी असते. ही मिश्र बोली कोणी टिपून ठेवलेली नाही. बोलीभाषांवर प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवेळी दूरच्या पाड्यावरच जावेसे का वाटते, हे कोडेच आहे.

आता येणाऱ्या हंगामाविषयी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या (हे नाव २०१४ पासूनचे; विद्यापीठ १९४९ चे) क्षेत्रात पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक असे क्रीडाविभाग आहेत. आधी विभागातील महाविद्यालये एकमेकांशी खेळतात. त्यांतील चांगले खेळाडू निवडून विभागाचा संघ होतो. विभागांच्या सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धेत उतरतो. या रचनेत एक मौज आहे. परवा ज्याचा पाय ओढला त्याच्याच शेजारी आठ दिवसांनी विभागाचा सदरा घालून उभे राहावे लागते. संगमनेरचा, लोणीचा, श्रीरामपूरचा आणि नगरचा मुलगा ‘आमचा संघ’ हा शब्द पुन्हा नव्याने शिकतो. मुलींचे सामनेही याच पायऱ्यांनी होतात, पण त्यांच्या संघांची बांधणी अजूनही बरीचशी क्रीडाशिक्षकाच्या वैयक्तिक चिकाटीवर उभी असते.

हंगामाचे दुसरे सूत्र पावसाच्या हाती आहे. नगर पर्जन्यछायेत. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. उरलेले वर्षभर मुरमाचे मैदान असे टणक असते की घसरून चेंडू काढणाऱ्याचे गुडघे सोलून निघावेत. मऊ जमिनीवर खेळण्याचे जे थोडे आठवडे मिळतात, नेमके तेव्हाच सत्र परीक्षांचे वेळापत्रक लागते. वार्षिक परीक्षेच्या काळात दिवाळीपर्यंतचे दिवस जिमखान्याचे असत. आता अंतर्गत चाचण्या आणि सराव यांच्यात ओढाताण होते. तेव्हा यंदाच्या संघांच्या तयारीविषयी बोलताना खेळाडूंच्या कौशल्याआधी या दोन वेळापत्रकांविषयी बोलावे लागते.

मग मुले खेळतात कशासाठी? हौस हे उत्तर खरे आहे, पण अपुरे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. लष्करभरतीत क्रीडा प्रमाणपत्राचा उपयोग होतो, आणि सैन्यात मुलगा असलेली घरे या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. आरक्षणासाठी नुसते खेळणे पुरत नाही, ठरावीक पातळीवरचे यश लागते. अकरा जणांच्या खेळात ते एकट्याच्या हातात नसते. जिरायती शेतकऱ्याच्या मुलाने फुटबॉल निवडणे हा म्हणूनच कुस्ती निवडण्याहून अधिक धोक्याचा व्यवहार आहे. पंचविशी गाठली की आंतरविद्यापीठीय स्पर्धेचे दार बंद होते. सप्टेंबर २०१७ मध्ये शासनाने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. त्या दिवशी ज्यांच्या पायाला पहिल्यांदा चेंडू लागला, त्यांच्यातली दहा-बारा वर्षांची मुले आज महाविद्यालयीन वयाची आहेत. त्यांच्यापैकी किती जण मैदानावर उरले, हे पाहायला येणारा हंगाम ही चांगली संधी आहे.

आणि हे पाहायचे तर साधन कोणते? जुन्या काळासाठी ते महाविद्यालयांचे वार्षिकांक. त्यात जिमखान्याचा वृत्तान्त असे, आणि संघाचे छायाचित्र: खुर्च्यांवर प्राचार्य आणि क्रीडाशिक्षक, मागे उभे खेळाडू, पुढे मांडी घालून बसलेले दोघे, त्यांच्यामध्ये साल लिहिलेला चेंडू, खाली ‘बसलेले, डावीकडून’ अशी नावांची ओळ. संघ पहिल्याच फेरीत हरलेला असला तरी छायाचित्र छापले जाई. नावांच्या त्या एका ओळीवरून महाविद्यालयात कोण येत होते, कोणत्या वस्तीतून, कोणत्या जातिधर्माचे, आणि हे प्रमाण दशकागणिक कसे बदलले, हे सारे वाचता येते. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ साली आली; तिच्या अहवालांत खेळाच्या रकान्यात पदके आणि पुरस्कार मोजले जातात. हरलेल्या संघाला तेथे रकाना नाही. संगणकावरच्या तक्त्यात पदकाचा आकडा शिल्लक राहतो, आणि तो शून्य असला तर तेवढेही नाही. वार्षिकांकांच्या जुन्या प्रती ग्रंथालयांच्या मागच्या कपाटांत पडून असतात. जागेची अडचण झाली की आधी त्याच रद्दीत निघतात. मराठी आणि इतिहास विभागांच्या अध्यापकांनी यंदा एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्प म्हणून त्या ओळींतली नावे उतरवून घ्यायला सांगितले, तर त्या नावांचे बरेच धनी अजून नगरमध्ये, भिंगारमध्ये, श्रीरामपुरात हयात सापडतील.