परळची इस्पितळे आणि पैशाचे नियम



परळच्या इस्पितळाकडे निघालेल्या मनुष्याच्या मनात दुखण्याचीच चिंता असते. परंतु दाराशी पोहोचताच त्यास दुसरा प्रश्न भेटतो: खर्च कोण सोसणार? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत तीनदा पालटले, व त्याबरोबर इस्पितळांचे रूपही पालटले. ती हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे.

पहिला काळ दात्यांचा. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयास देणगी दिली ती एका अटीवर: तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, लायक असे हिंदी गृहस्थच असावेत. १९२६ साली उघडलेले के. ई. एम. रुग्णालय व त्यास जोडलेले महाविद्यालय या अटीसह उभे राहिले. पैसा देणाऱ्याच्या एका वाक्याने हिंदी डॉक्टरांना केवढे दार खुले झाले पाहा!

परंतु दानाने इमारत उभी राहते, रोजचा खर्च भागत नाही. वाडिया घराण्याने प्रसूतिगृह १९२६ साली व मुलांचे इस्पितळ १९२९ साली उभारले. पुढे त्यांचा भार सरकार व महापालिका यांच्या अनुदानावरही पडला. जानेवारी २०२० मध्ये थकलेल्या अनुदानाचा वाद इतका विकोपास गेला की नवे रुग्ण घेणे थांबले आणि प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले. हिशेबाचा वाद मोठ्यांचा, पण खोळंबली ती लेकरे.

दुसरा काळ वर्गणीचा. परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेले डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असता, कामगारांच्या आजार-विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. आडारकर यांजकडे सोपविण्यात आले. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. मालक व कामगार या दोघांनीही वर्गणी भरावयाची, आणि उपचार धर्मादाय म्हणून नव्हे तर हक्काने घ्यावयाचे! परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतले.

मात्र या हक्काची मुळी पगारात होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, म्हणून वर्गणी थांबली. आणि कालांतराने हक्कही सरला. आमच्या शेजारचे एक साचेवाले विम्याचे कार्ड ट्रंकेत जपून ठेवीत. 'वर्गणी भरली ती धडधाकट असताना. खोकला लागला तेव्हा कार्डाचा कागद झाला,' असे ते म्हणत. यावर मजजवळ उत्तर नव्हते.

तिसरा काळ ठरीव दराचा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम मुंबईसह आठ जिल्ह्यांत आली. तीच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू झाली. येथे गरिबास पगाराची अट नाही, हा मोठाच लाभ. पण प्रत्येक शस्त्रक्रियेस दर ठरलेला, आगाऊ मंजुरी हवी, शिधापत्रिका हवी. यादीतील दुखणे असेल तर वाट सोपी. यादीबाहेरचे असेल तर नातेवाइकांची पुन्हा धावाधाव.

तात्पर्य, नियम कोणताही असो, त्यास एकच प्रश्न विचारावा: ज्या दिवशी घरात पैसा येणे थांबेल, त्या दिवशी हा नियम रुग्णास दाराच्या आत ठेवील की बाहेर? साचेवाल्यांचे ते कार्ड आठवले म्हणजे मला हीच कसोटी खरी वाटते.