आजीचं नाव कुठे गेलं?

बंगळूरच्या एका टोकाला व्हाइटफील्ड. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत उभी राहिली. अशा घराण्याचं मूळ शोधताना युरोपीय पणजोबा बहुधा सापडतो, भारतीय पणजी मात्र हरवते. याचं कारण कायद्यातच आहे, असं मला वाटतं. संविधानाचा अनुच्छेद ३६६(२) अँग्लो-इंडियन ठरवतो तो केवळ पुरुषवंशावरून. आईचा वंश तिथे मोजलाच जात नाही. जुन्या बाप्तिस्मा-नोंदींतही बापाचं नाव, हुद्दा, पलटण हे सारं असतं. आईपुढे कित्येकदा नुसतं ‘नेटिव्ह बाई’.

यावर कुणी म्हणेल, घरच्यांनीच लाजेपोटी तिला लपवलं. लपवलं हे खरंच. पण १७९१मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय आईच्या मुलांना नोकरीची दारं बंद केली, तेव्हा आई लपवणं हा पोटापाण्याचा प्रश्न झाला. डीएनए चाचणीही इथे तोकडी पडते, कारण ती वंशाचा अंश सांगते, बाईचं नाव नाही. म्हणून शोध मृत्युपत्रांपासून सुरू करावा. कंपनीचे अधिकारी त्यांत आपल्या भारतीय जोडीदारणीसाठी रक्कम ठेवत, आणि पैसे पोचवायचे तर तिचं नाव बहुधा लिहावं लागे.