बऱ्या झालेल्यांची मोजदाद

चित्तभ्रमाचा रोगी बरा होऊन घरीं यावा, घरांत हंसूं-बोलूं लागावा, आणि वर्षा-दोन वर्षांनीं तोच आजार पुन्हां उलटावा, असें झालें म्हणजे आप्तांचा धीर सुटतो. आधींची सारी खटपट फुकट गेली, असेंच जो तो म्हणूं लागतो. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील एका अख्ख्या वैद्यकीय पिढीचा धीर असाच सुटला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

बेसिल हॉल नांवाचा एक ब्रिटिश नाविक अधिकारी १८२७-२८ सालीं अमेरिकेंत हिंडत होता. हार्टफर्ड येथील वेड्यांच्या इस्पितळांत नव्यानें आजारी पडलेल्या २३ रोग्यांपैकीं २१ बरे झाले, म्हणजे शेंकडा ९१.३, असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केलें. तेवीस माणसांवरून शेंकडेवारी काढावयाची, आणि तीही दशांशापर्यंत! पण आंकड्याची मोहिनी अशीच असते. इस्पितळांमध्यें चढाओढ लागली. ओहायोंतील डॉक्टर ऑल यांनीं तर शेंकडा शंभर बरे झाल्याचें जाहीर केलें. तेव्हां त्यांच्या आडनांवावर कोटी करून लोक त्यांस 'डॉक्टर क्युअर-ऑल', म्हणजे सर्वांस बरें करणारे, म्हणूं लागले.

ही मंडळी लबाड होती असें मात्र समजूं नये. साखळदंडांऐवजीं गोड शब्द, नियमित काम, मोकळी हवा आणि माणसासारखी वागणूक, ही त्यांची चिकित्सा खरोखरीच गुणकारी होती. दोष होता तो हिशेबांत. तो ओळखला प्लिनी अर्ल यांनीं. नॉर्दॅम्प्टन येथील इस्पितळाचे हे प्रमुख वृत्तीनें मोठे चिकित्सक. जुने वार्षिक अहवाल चाळतां चाळतां त्यांस दिसून आलें कीं, वैद्यांनीं मोजलीं तीं माणसें नव्हेत, तर इस्पितळांतून होणाऱ्या पाठवण्या! एकच स्त्री बरी होऊन गेली, आजार उलटून परत आली, पुन्हां बरी झाली, कीं अहवालांत दोन यशें जमा होत. असे एकेका रोग्याचे कित्येक 'गुण' त्यांस आढळले. १८७७ सालीं त्यांनीं हें उघडकीस आणलें.

अर्ल यांचें गणित बिनचूक होतें. लोकांनीं त्यावरून काढलेलें अनुमान मात्र चुकलें. 'ज्याचा आजार उलटतो तो कधीं बरा झालाच नव्हता' असा समज बळावला. इस्पितळें आधींच रोग्यांनीं तुडुंब भरलेलीं होतीं. आतां तर तीं निव्वळ कोंडवाडे होण्यास जणूं शास्त्राचाच आधार मिळाला. पहिल्या भ्रमानें निदान कांहीं माणसांच्या बेड्या तरी सुटल्या होत्या. दुसऱ्यानें शुश्रूषाच आंखडली.

याच सुमारास वूस्टर येथील इस्पितळांत डॉक्टर पार्क यांनीं एक साधी, पण कष्टाची गोष्ट केली. १८३३ सालीं उघडलेल्या त्या इस्पितळांतून पहिल्या कांहीं दशकांत बरे होऊन गेलेल्यांचा त्यांनीं शोध घेतला. इस्पितळाच्या दारांतून रोगी बाहेर पडला त्या दिवशींची नोंद त्यांस पुरेशी वाटली नाहीं. पुढें त्या माणसाचें काय झालें, हा त्यांचा प्रश्न होता. ९८४ जणांची माहिती हातीं आली. त्यांपैकीं ५६८ जणांचा, म्हणजे शेंकडा सुमारें ५८ जणांचा, आजार पुन्हां कधींच उलटला नव्हता. कित्येक तर तसेच, शुद्धीवर असतांना, वारलेही होते.

शंभर नव्हेत, पण शून्यही नव्हेत! या आंकड्यांकडे त्या काळीं कोणीं फारसें पाहिलें नाहीं. १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझीन या औषधाचा गुण दिसून आला. पुढें अशा औषधांनीं आजार उलटण्याचें प्रमाण कमी होतें, आणि तीं मध्येंच सोडल्यास वाढतें, हेंही सिद्ध झालें. पण नवें औषध हातीं येण्यापूर्वींही इतकीं माणसें बरीं होऊन बरींच राहिलीं होतीं, हें जगाच्या नजरेस आणण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं डॉक्टर बॉकोव्हन यांनीं पार्क यांची ती जुनी मोजदाद पुन्हां प्रसिद्ध केली.