पांच पदार्थांचें पेय आणि एक गांव

सुट्टीच्या दिवशीं न्याहारी व जेवण एकत्र करून उशिरां फराळास बसावें, आणि जिन नामक मद्यांत लिंबाचा किंवा संत्र्याचा रस मिसळून तें पाहुण्यांपुढें ठेवावें, अशी चाल आतां मोठ्या शहरांतून पडली आहे. ही चाल विलायती खरी. परंतु आंबट रस आणि मद्य यांच्या संयोगाचा एक जुना अध्याय आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर घडलेला आहे.

जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य १६७३ सालीं या देशांत आला. १६९८ सालीं छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनांत गोव्यानजीकच्या नेरूळ गांवच्या अराक दारूची ख्याति सांगितली आहे. तिच्यापासून इंग्रज लोक 'पंच' नांवाचें पेय करीत, आणि पांच पदार्थांमुळें त्यास तें नांव पडलें, असें तो म्हणतो. मद्य, लिंबाचा रस, साखर, पाणी आणि मसाला, अशी ती पंचद्रव्यें मानण्यांत येतात. व्युत्पत्तीविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तथापि हा शब्द १६३२ सालच्या एका इंग्रजी पत्रांतही आढळतो.

लिंबाला दर्यावर्दी लोकांत जो मान मिळाला, तो मात्र औषध म्हणून. १७४७ सालीं जेम्स लिंड या नाविक वैद्यानें रक्तपिती झालेल्या बारा खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. ज्या दोघांना संत्रीं व लिंबें दिलीं, ते सर्वांत लवकर बरे झाले. तरीही ब्रिटिश आरमारांत हा रस नियमानें मिळण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. १८६७ सालीं लॉकलन रोझ यानें मद्याऐवजीं साखरेनें हा रस टिकविण्याची कृति पेटंट केली. जिन व लिंबाच्या गोड पाकाचें 'गिमलेट' हें पेय या परंपरेंतलें होय. कोयनेलाच्या कडू पाण्याशीं जिनची गांठ पडली, तीही हिंवतापाच्या भयानें.

आतां आपण किनारा सोडून घाटमाथ्यावर येऊं. लिंबें व मोसंबीं यांच्या बागांसाठीं नगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, जिल्हा प्रसिद्ध आहे. परंतु त्यांतील पारनेर तालुका अवर्षणग्रस्त. तेथील राळेगणसिद्धी या गांवीं शेती पिकत नसे, म्हणून कित्येक कुटुंबें हातभट्टीवर पोट भरीत. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा कागदावर होता. भट्ट्या मात्र तिसांच्या वर होत्या! सैन्यांतून निवृत्त होऊन १९७५ सालीं अण्णा हजारे गांवीं परतले. यादवबाबांच्या मंदिरांत ग्रामस्थांनीं निश्चय केला आणि भट्ट्या बंद झाल्या. जे पीतच राहिले, त्यांपैकीं कांहींना खांबास बांधून मार देण्यांत आला. या उपायावर पुढें कठोर टीका झाली, आणि ती अनाठायीं म्हणतां येणार नाहीं.

परंतु मारानें भट्टी बंद झाली तरी चूल पेटत नाहीं. नालाबंदिस्ती, पाझर तलाव, समतल चर आणि वृक्षारोपण यांच्या योगें पावसाचें पाणी जमिनींत मुरविलें गेलें. विहिरींना पाणी आलें, दुसरें पीक निघूं लागलें, आणि भट्टीवांचून जगण्याची सोय झाली. फार पाणी पिणाऱ्या उसासही गांवानें नकार दिला.

पंचद्रव्यांपैकीं मद्य या गांवानें टाकलें आणि साखरेचा ऊसही लावला नाहीं. पाणी मात्र थेंबाथेंबानें जतन केलें. शहरांतील यजमानानें पेला भरतांना लिंबाची व मद्याची जात अवश्य पारखावी. पण पांचांतील ज्या एका पदार्थाची किंमत तो कधींच विचारीत नाहीं, त्याचें मोल या गांवाला ठाऊक आहे.